क्रूझवरच्या बुफेत टेबल अडवून ठेवावे का?

नौपाडकर

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून सुटणाऱ्या एका मोठ्या क्रूझवर आम्ही सहकुटुंब गेलो होतो. जहाजाचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार त्यांच्याबद्दल नाही. ती तुमच्याआमच्यासारख्या प्रवाशांबद्दल आहे. ज्या दिवशी जहाज कुठल्याही बंदराला लागणार नव्हते, त्या सकाळी नऊच्या सुमारास आम्ही बुफेत पोहोचलो. खिडकीकडच्या बहुतेक टेबलांवर माणसे नव्हती आणि तरीही त्यांतले एकही मोकळे नव्हते. कुठे टोपी, कुठे उन्हाचा चष्मा, कुठे पोहण्याच्या तलावावरून आणलेला टॉवेल, आणि सहा खुर्च्यांच्या एका टेबलावर तर ठाण्यातल्या राम मारुती रस्त्यावरच्या एका दुकानाची कापडी पिशवी. म्हणजे अडवणाऱ्यांत आपलीही माणसे होती, हे वेगळे सांगायला नको. हातात भरलेली ताटे घेऊन दहा-बारा जण त्या टेबलांमधून फिरत होते आणि त्यांची ऑम्लेटे निवत होती.

माझे मत असे की बुफेत आधी ताट वाढून घ्यावे आणि मगच जागा शोधावी. सगळ्यांनी हा क्रम पाळला, तर टेबल जेवणाऱ्याच्या वाट्याला येते, टोपीच्या नव्हे. सौभाग्यवतींना हे मान्य नाही, आणि मुलगा म्हणतो की बाबा, तुमचा नियम फक्त रिकाम्या बुफेत चालतो. म्हणून येथे विचारतो, की टेबल अडवणे कितपत रास्त आहे, जहाजांचा याबाबत काही नियम असतो का, आणि अशी मालकाविना पडलेली वस्तू दिसली तर ती बाजूला सारून बसावे की निमूटपणे पुढे जावे?

कोपरी_कट्टा

पिशवीवर दुकानाचा पत्ता असणारच. ती ठाण्यात आणून दुकानदाराच्या स्वाधीन केली असती, तर टेबलही मोकळे झाले असते आणि पुण्यही लागले असते.

खाडीपलीकडे

नौपाडकर, मी तुमच्या चिरंजीवांच्या बाजूचा आहे. आम्ही दोघे, दोन लहान मुले आणि माझे आईवडील असे क्रूझवर गेलो होतो. आधी ताट आणि मग जागा हा तुमचा क्रम आम्ही पाळला असता, तर चार वर्षांच्या मुलीच्या हातात सांबाराची वाटी, वडिलांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ताट, अशी आमची वरात हलत्या जहाजात जागा शोधत फिरली असती. त्यापेक्षा आधी टेबल गाठून दोघांनी बसावे आणि बाकीच्यांनी त्यांना आणून द्यावे, हे आमच्याच नव्हे तर इतरांच्याही सोयीचे आहे. टेबल अडवण्याला सरसकट असभ्य ठरवणारे लोक बहुधा दोघेच प्रवास करत असतात, असे माझे निरीक्षण आहे.

घोडबंदर_निवासी

खाडीपलीकडे, तुम्ही जे सांगता त्याला टेबल अडवणे म्हणताच येणार नाही, कारण तिथे माणूस बसलेला आहे आणि त्याचे जेवण येते आहे. नौपाडकरांची तक्रार टोपीबद्दल आहे, आजोबांबद्दल नाही. टोपी ठेवून सहा जण सहा दिशांना जातात, त्यांतले दोघे डोशाच्या रांगेत उभे राहतात, एक जण केबिनमध्ये राहिलेला चष्मा आणायला जातो, आणि वीस मिनिटे त्या टेबलावर कोणीच जेवत नाही. आक्षेप या वीस मिनिटांना आहे.

ही सवय आपण खोपटच्या एसटी स्थानकातून थेट जहाजावर नेली आहे, असे मला वाटते. गणपतीला कोकणात जाणारी गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकायचा आणि ती जागा आपली म्हणायची. समुद्रावर गेलो तरी हात रुमालाकडेच जातो.

जुना_चाकरमानी

रुमालाची अशी बदनामी करू नका. त्याला काही रीत होती. एका रुमालाने एक जागा मिळायची, फार तर शेजारची दुसरी. आणि टाकणारा खिडकीखालीच उभा असायचा, तो दाराशी रेटारेटी करून दोन मिनिटांत आत पोहोचायचा. रुमाल टाकून एखादा चहा प्यायला गेला आणि दरम्यान गाडी भरली, तर आतल्यांनी त्याचा रुमाल खिडकीच्या गजाला बांधून ठेवलेला मी पाहिला आहे, आणि त्यावर भांडण झाले तेव्हा वाहकासकट सगळी गाडी बसलेल्याच्या बाजूने बोलली. शिवाय एसटीत एकदा बसले की चिपळूणपर्यंत उठायचे नसते. बुफेतले टेबल एकाचे झाले की दुसऱ्याला मिळावे, याच हिशेबाने मांडलेले असते. त्यामुळे टोपी ठेवणाऱ्यांनी रुमालाचा आधार घेऊ नये.

कोपरी_कट्टा

म्हणजे खाडीपलीकडे यांचे वडील हा रीतसर रुमाल झाला.

खाडीपलीकडे

वडिलांना वाचून दाखवले. ते म्हणाले की रुमालाला कोणी सांबार आणून देत नाही, त्यामुळे त्यांची तक्रार नाही.

बेलापूरचा_खलाशी

मी काही वर्षे क्रूझ जहाजांवर बुफे विभागात काम केले आणि आता बेलापूरला स्थायिक झालो आहे, म्हणून काउंटरच्या पलीकडची बाजू सांगतो. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर चार हजारांहून अधिक प्रवासी असू शकतात. हे सगळे एकाच वेळी बुफेत बसतील, असे जहाजाचा आराखडा करणाऱ्याने गृहीत धरलेलेच नसते. टेबल रिकामे होत राहिले आणि भरत राहिले, तरच गणित जुळते. बंदराच्या दिवशी लोक सात-साडेसातलाच खाऊन उतरायच्या तयारीला लागतात, त्यामुळे गर्दी विभागली जाते. समुद्रातल्या दिवशी मात्र सगळे आरामात उठतात आणि साडेआठ ते दहा या वेळेत लोंढ्याने येतात. नौपाडकर नेमके त्याच लोंढ्यात सापडले. त्याहून वाईट अवस्था प्रवास सुरू होतो त्या दुपारी असते, कारण केबिन अजून तयार झालेल्या नसतात आणि लोक हातातल्या सामानासह सरळ बुफेत येतात. त्या दुपारी निम्म्या खुर्च्यांवर बॅगाच जेवायला बसलेल्या असतात.

नियमाचे म्हणाल, तर तलावाकाठच्या आरामखुर्च्यांसाठी अनेक कंपन्यांनी नियम केलेले आहेत. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर ३० मिनिटे खुर्चीवर कोणी फिरकले नाही, तर तिच्यावरचे सामान उचलता येते. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर खुर्चीला वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात आणि ४० मिनिटांनंतर सामान हलवतात. बुफेतल्या टेबलांना असा घड्याळी नियम मी काम केलेल्या जहाजांवर नव्हता, आणि तो राबवणेही सोपे नाही. आरामखुर्चीवर माणूस नाही म्हणजे नाही. पण टेबलावर टोपी आहे आणि माणूस नाही, याचा अर्थ तो वॉफलच्या रांगेत आहे की केबिनमध्ये जाऊन झोपला आहे, हे वेटरला कसे कळावे? आम्हाला एवढेच सांगितलेले असायचे की पाहुण्याच्या वस्तूला परस्पर हात लावायचा नाही, वरिष्ठाला बोलवायचे.

यातच नौपाडकरांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे. जिथे आम्ही हात लावत नव्हतो, तिथे तुम्हीही लावू नका. जवळच्या वेटरला सांगा की चौघांना जागा हवी आहे. आपल्या विभागातले कोणते टेबल शेवटच्या कॉफीवर आले आहे, हे त्याला तुमच्यापेक्षा आधी कळते, आणि सकाळपासून टेबले पुसणाऱ्या त्या मुलाला कोणी नीट विचारले की तो मनापासून धावतो. आणखी एक सांगायचे म्हणजे, खूण म्हणून टेबलावर केबिनचे कार्ड ठेवून जाणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्याच कार्डाने केबिनचे दार उघडते आणि जहाजावरची खरेदीही त्याच कार्डावर नोंदली जाते.

कोपरी_कट्टा

म्हणजे टेबल राहिले, घर गेले.

एकटीच_निघाले

मी वाशीला राहते आणि बहुतेक प्रवास एकटीने करते. इतका वेळ चर्चा वाचते आहे, पण एकट्या प्रवाशाचा विचार कोणाच्याच मनात आलेला दिसत नाही. माझ्या टेबलाची राखण करायला आजोबा नाहीत. मी ताट घेऊन बसते, अर्धे खाऊन होते, फळे आणायला उठते, आणि परत येते तो टेबल पुसून लख्ख झालेले असते. अर्धी उरलेली कॉफी गेलेली, पावाला लोणी लावून ठेवलेले तेही गेलेले, आणि माझ्या खुर्चीवर एक आनंदी कुटुंब बसलेले. त्यांचा दोष नाही आणि वेटरचाही नाही, कारण एकटे ताट आणि रिकामी खुर्ची पाहून कोणालाही वाटते की हा माणूस जेवून गेला.

म्हणून मी खुर्चीच्या पाठीवर ओढणी टाकते. नौपाडकरांच्या नियमाप्रमाणे हीदेखील अडवणूकच ठरते. मग मी काय करावे? इडली, कलिंगड, टोस्ट आणि चहा एकाच फेरीत एकाच ताटात रचून आणावे, की दर वेळी अर्धवट ताट हातात घेऊन काउंटरभोवती प्रदक्षिणा घालावी?

माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या मानायला हव्यात. जेवायला सुरुवात होण्याआधी वस्तू ठेवून जागा धरली, तर ती दुसऱ्याच्या वाट्याची वेळ आहे. जेवण सुरू झाल्यावर दोन मिनिटे उठताना वस्तू ठेवली, तर ती माझ्याच जेवणाची वेळ आहे. पहिली गोष्ट मी कधी करत नाही आणि दुसरी करायला मला संकोच वाटत नाही.

घोडबंदर_निवासी

हा भेद मला पूर्णपणे पटला. इतकेच नव्हे, तर खाडीपलीकडे यांच्या वडिलांनाही तो लागू होतो, कारण बसलेल्या माणसाच्या बाबतीत जेवण सुरूच झालेले असते, फक्त ताट वाटेवर असते.

बेलापूरचा_खलाशी

एकटीच_निघाले, तुमचे टेबल उचलले जाते त्याचे एक कारण खुणांमध्ये आहे. वेटरांना शिकवलेले असते की सुरी आणि काटा ताटात शेजारीशेजारी समांतर ठेवलेले दिसले, तर जेवण संपले. आणि ते एकमेकांवर तिरके किंवा उलट्या व्हीसारखे ठेवलेले दिसले, तर माणूस परत येणार आहे. कापडी रुमालाचेही तसेच आहे. तो खुर्चीवर ठेवला तर पाहुणा येतो आहे, टेबलावर ताटाशेजारी ठेवला तर निघून गेला. आपल्याकडे बुफेत बहुतेक जण चमच्याने किंवा हाताने खातात, चमचा ताटात कसाही टाकतात आणि कागदी रुमाल चुरगळून ताटातच ठेवतात. चुरगळलेला रुमाल ताटात दिसला की नवा मुलगा एका क्षणाचाही विचार न करता ताट उचलतो, कारण त्याला टेबल वेळेत तयार करायचे असते. ओढणी ठेवाच, पण तिच्यासोबत हीदेखील खूण ठेवा. आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे उठताना वेटरला नजरेने किंवा शब्दाने सांगणे की मी येते आहे.

जुना_चाकरमानी

चमचा तिरका ठेवून मी परत येतो, असे माझ्या घरी केले तर ताट गेलेले असते ते असतेच, शिवाय ऐकून घ्यावे लागते. पण माहिती उपयोगाची आहे.

पाचपाखाडीची_डॉक्टर

विषय टेबलाचा असला, तरी त्याच्यावर काय ठेवले जाते याबद्दल थोडे सांगायला हवे. क्रूझवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस स्पर्शातून फार सहज पसरतो आणि अगदी थोड्या प्रमाणातही लागण करतो. अल्कोहोलचे सॅनिटायझर त्याच्यावर साबण-पाण्याइतके परिणामकारक ठरत नाही, म्हणून अनेक जहाजांवर बुफेच्या तोंडाशीच हात धुण्याची सोय असते आणि कर्मचारी हसतखेळत लोकांना हात धुवायला लावतात. अशा ठिकाणी तलावाकाठचा ओला टॉवेल, दिवसभर डोक्यावर असलेली टोपी किंवा सगळीकडे फिरून आलेला फोन जेवणाच्या टेबलावर खूण म्हणून ठेवणे मला वैद्यकीयदृष्ट्या पसंत नाही. खूण ठेवायचीच असेल, तर एकटीच_निघाले करतात तशी खुर्चीच्या पाठीवर ठेवावी.

त्यांनी अर्धवट ताट घेऊन काउंटरभोवती फिरण्याचा जो पर्याय उपरोधाने सांगितला, तो तर कोणीही अमलात आणू नये. दुसऱ्यांदा वाढून घेताना नवे ताट घ्यायचे असते, कारण उष्ट्या ताटाला लागलेला वाढपाचा चमचा पुढे शेकडो जणांच्या हातात आणि अन्नात जातो. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या मोठ्या परदेशी क्रूझ जहाजांची तिथली सीडीसी ही सरकारी संस्था अचानक तपासणी करते आणि त्यांना गुण देते, त्यात खानपानाची जागा बारकाईने पाहिली जाते. साथीची शंका आली की पाहुण्यांच्या हातातले वाढपाचे चमचे काढून घेऊन कर्मचारी स्वतः वाढू लागतात. सांगायचा मुद्दा असा की अर्धे ताट टेबलावर ठेवून उठणे हे अडवणूक नसून योग्यच आहे, आणि या बाबतीत मी एकटीच_निघाले यांच्या बाजूने आहे.

सीवूड्सहून_सिंगापूर

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे सिंगापुरात काढली आणि आता सीवूड्सला परतलो आहे. नौपाडकरांनी पाहिलेल्या दृश्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तिथल्या हॉकर सेंटरांमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांचे अनेक गाळे आणि सामाईक टेबले असलेल्या जागांमध्ये, कागदी रुमालांचे पाकीट टेबलावर ठेवून जागा धरणे ही सर्वमान्य पद्धत आहे. पाकिटाला कोणी हात लावत नाही आणि त्यावरून सहसा कोणी कुरकुरत नाही. त्यामागे कारणही आहे. तिथे प्रत्येक पदार्थाचा गाळा वेगळा असतो, प्रत्येकासमोर वेगळी रांग असते, आणि हातात उकळत्या सुपाचा वाडगा घेऊन दुपारच्या गर्दीत जागा शोधणे खरोखरच धोक्याचे असते. त्या जहाजावर बसलेल्यांत सिंगापूरचे रहिवासी मोठ्या संख्येने असणार. त्यांनी टोपी ठेवली, तेव्हा आपण उद्धटपणा करतो आहोत असे त्यांच्या मनातही आले नसेल.

त्याच सिंगापुरात २०२१ च्या सप्टेंबरपासून हॉकर सेंटरमध्ये खाऊन झाल्यावर आपले ताट आपण परत नेऊन ठेवणे सक्तीचे झाले आहे आणि पुन्हा पुन्हा न ठेवणाऱ्याला दंड होतो. जागा धरण्याची मुभा आहे, पण खाऊन झाल्यावर टेबल स्वच्छ करून सोडण्याची जबाबदारीही आहे. आपण जहाजावर पहिला भाग लगेच उचलतो. दुसरा भाग मात्र तिथेच राहतो.

नौपाडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सीवूड्सहून_सिंगापूर यांचा मुद्दा मी मान्य करतो, पण पूर्णपणे नाही. हॉकर सेंटरमध्ये पाकीट ठेवणारा माणूस एक वाडगा घेऊन थोड्या वेळात परततो आणि खाऊन निघून जातो. क्रूझवर लोक खाऊन झाल्यावरही खिडकीतली जागा सोडत नाहीत. पत्ते काढतात, फोन चार्जिंगला लावतात, मुलांना चित्रे रंगवायला बसवतात. पैसे मोजले आहेत, समुद्र बघायचा आहे, असे ते म्हणतात. पण पैसे ताट घेऊन उभे असलेल्यानेही मोजलेले असतात. मग अडवणूक फक्त जेवणाआधीची आणि जेवणातली अशी दोनच प्रकारची कशी? जेवणानंतरची सर्वांत लांब असते.

एकटीच_निघाले यांचा भेद मात्र मला मान्य आहे. फक्त एकच विचारतो, की एकट्या माणसाने सहा खुर्च्यांचे टेबल धरले असेल, तर आमच्यासारख्या चौघांनी तिथे येऊन बसलेले चालेल का?

एकटीच_निघाले

न विचारता बसलात तर दचकायला होईल, विचारून बसलात तर आनंद होईल. क्रूझच्या मुख्य भोजनगृहात अनोळखी लोकांना एका मोठ्या टेबलावर एकत्र बसवण्याची प्रथा जुनी आहे आणि काही जहाजांवर रात्रीच्या जेवणाला ती अजूनही चालते. बुफेतही बरेच जण नुसते मान हलवून खुर्ची पुढे करतात. आपल्या लोकांना मात्र कुटुंबाचे टेबल म्हणजे कुटुंबाची खोली वाटते. दोन खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तिथे पर्स बसवतात. मी विचारले, तर आमचे येणार आहेत असे सांगतात, आणि जेवण संपले तरी त्यांचे कोणी आलेले नसते.

नेरूळची_काकी

माझे दोन्ही गुडघे कुरकुरणारे आहेत, म्हणून चार शब्द. मी बुफेत गेल्यावर पहिल्या रिकाम्या खुर्चीवर बसते, ती दोघांच्या टेबलाची असो किंवा आठांच्या, आणि मग माझी सून मला आणून देते. सून बरोबर नसेल तेव्हा मी वेटरला सांगते. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. चाकाच्या खुर्चीवर येणाऱ्यांसाठी दाराजवळची काही टेबले काही जहाजांवर राखीव असतात आणि त्यांच्यावर तसे चिन्ह असते. त्या टेबलांवर टोप्या ठेवणाऱ्यांबद्दल मात्र माझ्याकडे जे शब्द आहेत, ते या धाग्यावर लिहिता येणार नाहीत.

सहल_सोबती

मी ठाण्यातून सहली घेऊन जातो, तेव्हा हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे. चाळीस जणांचा गट बुफेत एकत्र बसलाच पाहिजे, अशी काही प्रवाशांची अपेक्षा असते. काही सहल व्यवस्थापक ती पूर्ण करण्यासाठी सकाळीच एका मुलाला पाठवतात, तो टेबलांवर गटाच्या टोप्या मांडतो, आणि प्रवाशांना ती उत्तम सेवा वाटते. मी हे करत नाही, आणि का करत नाही हे विमानतळावरच सांगून टाकतो, म्हणजे पुढे नाराजी होत नाही.

गटाने एकत्र जेवायचे असेल, तर त्याची जागा बुफे नव्हे, मुख्य भोजनगृह आहे. बऱ्याच प्रवाशांना वाटते की ते फक्त रात्रीसाठी असते किंवा तिथे वेगळे पैसे पडतात. वास्तविक तिथली न्याहारी बहुतेक जहाजांवर तिकिटातच धरलेली असते, आणि समुद्रातल्या दिवशी अनेक जहाजांवर दुपारीही ते उघडे असते. तिथे वेटर तुम्हाला टेबलावर नेऊन बसवतो, त्यामुळे टोपीचा प्रश्नच येत नाही. आदल्या रात्री मुख्य वेटरला सांगून ठेवले, तर शेजारशेजारची टेबले मिळतात, आणि शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर दुसऱ्या दिवशीचा पदार्थही तो आधी लिहून घेतो. जैन जेवणाची सूचना मात्र तिकीट काढतानाच द्यावी लागते, जहाजावर चढल्यावर नव्हे. ज्यांना खोलीतच चहा-बिस्किटांवर भागवायचे असेल, त्यांच्यासाठी काही जहाजांवर रात्री दाराला न्याहारीचे कार्ड अडकवण्याची सोय असते.

खाडीपलीकडे

सहल_सोबती, तुमची सूचना उत्तम आहे, पण भोजनगृहात न्याहारीला एक तास सहज जातो. लहान मुले एक तास टेबलाशी बसतील, असे तुम्हाला खरोखर वाटते का? आमची धाकटी अकराव्या मिनिटाला टेबलाखाली असते. बुफेचा फायदाच हा आहे की मूल उठले की आपणही उठू शकतो. त्यामुळे आम्ही बुफेतच जाणार, वडिलांना पुढे पाठवणार, आणि कोणी काही म्हणाले तर बेलापूरचा_खलाशी यांचा हवाला देणार. खाऊन झाल्यावर मात्र लगेच उठणार, हे नौपाडकरांना कबूल.

बेलापूरचा_खलाशी

माझा हवाला खुशाल द्या, पण वडिलांना सहा जणांच्या टेबलावर बसवा, खिडकीतल्या आठांच्या नव्हे. आणि एक युक्ती सांगतो. बुफेच्या दारातून आत आले की बहुतेक लोक पहिल्या काउंटरपाशीच थांबतात आणि तिथल्याच टेबलांवर झुंबड करतात. मोठ्या जहाजांवर अनेकदा तेच पदार्थ दोन्ही बाजूंना मांडलेले असतात, आणि मागच्या टोकाला, जहाजाच्या पाठीकडे, बसायची जागा असते. तिथे बऱ्याचदा टेबले मोकळी मिळतात. दारातून पन्नास पावले चालायची कोणाची तयारी नसते, म्हणून दारापाशी टोप्या दिसतात.

नौपाडकर

ही माहिती आम्हाला लवकरच उपयोगी पडणार आहे. आमच्या इमारतीतले ज्येष्ठ नागरिक मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचा विचार करत आहेत आणि व्यवस्था माझ्याकडे आली आहे. पहिल्या दुपारी बॅगा जेवायला बसतात, असे वर वाचले. सगळे साठीच्या पुढचे, त्यात दोघांना मधुमेह, म्हणजे जेवणाची वेळ चुकवून चालणार नाही. टोप्या न ठेवता त्या दुपारी यांना जेवू कसे घालावे?

सहल_सोबती

जहाजावर चढण्याची जी वेळ दिली जाते, त्यातली शक्य तितकी आधीची घ्या. मोठ्या बॅगा धक्क्यावरच स्वाधीन करा, त्या नंतर केबिनपाशी पोहोचतात. हातात फक्त औषधांची लहान पिशवी ठेवा, म्हणजे खुर्च्या बॅगांना द्याव्या लागणार नाहीत. चढल्यावर पहिल्या कर्मचाऱ्याला विचारा की दुपारी भोजनगृह उघडे आहे का. नसेल, तर बुफेत दोन-चार जणांचे गट करून जिथे जागा मिळेल तिथे बसा आणि एकत्र बसण्याचा हट्ट रात्रीसाठी ठेवा.

पाचपाखाडीची_डॉक्टर

मधुमेह असलेल्या दोघांनी त्या दुपारी बुफेवर विसंबून राहूच नये. तपासण्या आणि रांगा यांत तास-दोन तास कधी जातात ते कळत नाही. त्यांनी धक्क्यावर पोहोचण्याआधी खाऊन घ्यावे आणि इन्सुलिन घेत असतील तर ते हातातल्या पिशवीत ठेवावे, मोठ्या बॅगेत नव्हे.

नेरूळची_काकी

घरून पोळी-भाजीचा डबा न्यावा. फक्त बाहेरचे शिजवलेले अन्न जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत, म्हणून तो आधीच संपवायला हवा.

कोपरी_कट्टा

ठाण्याहून सीएसएमटीपर्यंतच्या धीम्या लोकलमध्ये डबा आरामात संपतो. बसायला जागा मिळाली तर.